तू मवाळ नव्हतास, शेन

“तीस वर्षांत हेन्रीने कोणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. इतका सौम्य, इतका मवाळ पुरुष मी पाहिलेला नाही. ‘नाही’ हा शब्दच त्याच्याकडे नव्हता.”

हे रॉजर म्हणाला. गेल्या मंगळवारी, क्रेमटोरियममध्ये, तुझ्या पेटीपासून चार पावलांवर उभा राहून म्हणाला. हातातल्या कागदाकडे न बघता म्हणाला, म्हणजे मनापासूनच म्हणाला असणार. लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत तुझ्या बायकोने, मेइलिंगने, रुमाल डोळ्यांना लावला आणि तिच्या शेजारी बसलेला तुझा मुलगा डॅनियल, त्यानेही मान डोलावली. मी तिसऱ्या रांगेत कडेला होतो. नंतर चहाच्या वेळी दोघातिघांनी विचारले, “मिस्टर दामले, तुम्ही काहीच बोलला नाहीत?” मी सांगितले, घसा बसला आहे. ते खोटे होते. माझा घसा एक्याऐंशी वर्षांत कधीही बसलेला नाही, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक असणार?

शेन, अडतीस वर्षे आपण एकमेकांशी इंग्रजीत बोललो. तुझी इंग्रजी शांघायच्या बाजूला कललेली, माझी सांगलीच्या. त्या उसन्या भाषेत आपण विमानाच्या पंखांची गणिते सोडवली, कौन्सिलला तक्रारी लिहिल्या, ॲलॉटमेंटवरच्या, आपल्या भाड्याच्या भाजीमळ्यातल्या, गोगलगायींना शिव्या दिल्या. पण मला खरे भांडायचे असते तेव्हा मराठीच लागते. आमच्या ब्रिस्टलच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी संपादिकाबाईंनी माझ्याकडे “शेनकाकांवर दोन पाने” मागितली. मी त्यांना बजावले की पदव्या, नोकऱ्या, जन्मगाव यांतले काही माझ्याकडून मिळणार नाही. ते छापणारे पुष्कळ आहेत. मला एक वाद पुरा करायचा आहे.

तो वाद तुझ्या दगडाचा आहे. तुझी रक्षा स्मशानभूमीच्या बागेत ठेवून तिच्यावर एक लहानसा दगड बसवायचा, असे डॅनियलने ठरवले आहे. दगडावर हेन्री शेन हे नाव आणि त्याखाली रॉजरचे वाक्य: सौम्य माणूस, ज्याने कधी आवाज चढवला नाही. शुक्रवारी त्याने ग्लासगोहून मला फोन केला, मला आवडेल असे त्याला वाटले म्हणून. मी म्हटले, हे वाक्य बदल.

“अंकल, एव्हरीबडी लव्हड इट. मम्मीलाही आवडलं.”

“सगळ्यांना आवडलं म्हणून ते खरं होत नाही.”

“ओके. मग मला एक एक्झाम्पल द्या. फक्त एक. डॅड कधी कोणावर ओरडले? माझ्यावर नाही. मम्मीवर नाही. ऑफिसमध्ये नाही. कोणावर?”

मी गप्प बसलो. आयुष्यात मी फार थोड्या वेळा गप्प बसलो आहे आणि त्या प्रत्येक वेळी मी चुकलो आहे. डॅनियल म्हाताऱ्या माणसांशी बोलताना ही मुले जो आवाज काढतात त्या आवाजात म्हणाला, “इट्स ऑलराइट, अंकल. तुम्ही त्यांना मिस करताय.” पुढच्या आठवड्यात दगड कोरायला जाणार आहे.

उदाहरण माझ्याकडे आहे. ते ठाऊक असलेली माणसे तीन होती. त्यांतली माझी बायको कुमुद नऊ वर्षांपूर्वी गेली, तू आता गेलास. राहिलेला साक्षीदार मी, आणि त्या घटनेतला आरोपीही मीच. म्हणून मी आधी दुसरी उदाहरणे शोधून पाहिली. ती पुरतात का ते बघू.

पहिला रॉजर. बावीस वर्षे तो आपला सेक्शन हेड होता; माणूस वाईट नाही, फक्त त्याला ऐकू येते ते त्याच्या सोयीचे असते. त्या ब्रॅकेटची गोष्ट तो साफ विसरला आहे. पंखाच्या आतला एक ब्रॅकेट, त्यावर किती भार येईल याचा रिपोर्ट, आणि त्या रिपोर्टवर तुझी सही. तुझ्या सहीवाचून तो भाग पुढे जाऊ शकत नव्हता. रॉजर रोज सकाळी तुझ्या टेबलाशी यायचा आणि तू रोज म्हणायचास, “मी पुन्हा एकदा बघतो.” रॉजर म्हणायचा, “छान, हेन्री.” नऊ दिवस हे चालले. नवव्या दिवशी कँटीनमध्ये मी तुझ्यावर उखडलो. “अरे, पटत नसेल तर सरळ सांग ना त्याला!”

“सांगतोय ना. नऊ वेळा सांगितलं.”

“तू ‘पुन्हा बघतो’ म्हणतोयस.”

“आमच्याकडे वरिष्ठाला याहून मोठ्यानं ‘नाही’ म्हणत नाहीत,” तू सूप ढवळत म्हणालास. “ऐकणाऱ्यालाही थोडं काम असतं, लाओ दा.”

दहाव्या दिवशी भर मीटिंगमध्ये रॉजरने रिपोर्ट तुझ्यासमोर सरकवला आणि स्वतःचे पेन उघडून त्यावर ठेवले. बारा माणसे बघत होती. तू ते पेन उचललेस, त्याचे टोपण लावलेस आणि दोन्ही हातांनी, एखाद्याला भेटवस्तू द्यावी तसे, त्याला परत दिलेस. रॉजर “थँक यू” म्हणाला! मग काय झाले ते त्याच्या ध्यानात आले आणि त्याचे कान लाल झाले. पुढे गणित सगळ्यांनी पुन्हा केले, ब्रॅकेट तीन मिलिमीटरने जाड झाला आणि मिनिट्समध्ये लिहिले गेले की टीमने सुधारणा सुचवली. ‘नाही’ हा शब्द तुझ्याकडे नव्हता म्हणे. तू तो दहा वेळा उच्चारलास. ज्याच्या भाषेत तो टेबलावर मूठ आपटूनच म्हटला जातो, त्याला तो ऐकू आला नाही, एवढेच.

अर्थात मी मूठ आपटत असे, आणि माझेही काही झाले नाही. आठवते, त्या वर्षी आपण आपापले अप्रेझलचे फॉर्म एकमेकांना दाखवले होते? माझ्या फॉर्मवर ‘अब्रेझिव्ह’, तुझ्यावर ‘अधिक असर्टिव्ह होण्याची गरज’. तू दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवलेस आणि म्हणालास, “आपल्या दोघांना कालवून एक माणूस केला तर तो मॅनेजर होईल.” मी म्हणालो, “होईल, पण त्याचं नाव रॉजर असावं लागेल.” तू इतका हसलास की चष्मा काढून पुसावा लागला. तुझे हसणे बिनआवाजाचे असे, खांदे तेवढे हलायचे. आपल्याला काय झाले आहे ते आपल्याला कळत होते, शेन. इथे येणाऱ्या आपल्यासारख्या माणसांसाठी दोनच साचे तयार होते: एक भांडखोर, एक गरीब गाय. बुद्धी दोघांची हवी होती. पुरुष म्हणून, खुर्चीत बसणारा माणूस म्हणून, दोघेही नको होतो. तू मात्र या साच्याबद्दल कधी रागावला नाहीस. तो तुझा मोठेपणा की तुझी चूक, यावर आपले कधीच एकमत झाले नाही.

तसेच त्या ‘हेन्री’वरही झाले नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी कोणीतरी ते नाव तुला चिकटवले आणि तू ते घेतलेस. मी तुला टाकून बोललो होतो. माझ्या नावाचे ते ‘डॅमली’ करतात, पण ते तोंड वेंगाडून का होईना माझेच नाव घेतात. तू म्हणालास, “नाव म्हणजे ओव्हरकोट. इथं थंडी आहे म्हणून घालायचा. घरी गेलं की खुंटीला.” मी तुला शेन म्हणत राहिलो आणि तू मला लाओ दा. तुमच्या भाषेत त्याचा अर्थ थोरला भाऊ, असे तू सांगितलेस. गुंडांच्या म्होरक्यालाही तेच म्हणतात, हे मेइलिंगने सांगितले. ओव्हरकोटाबद्दलचे तुझे म्हणणे मला आजही मान्य नाही. बघ, दगडावर आता ओव्हरकोटाचेच नाव येणार आहे.

दुसरे डॉक्टर ल्यू, तुमच्या चिनी मंडळाचे अध्यक्ष. चहाच्या वेळी ते माझ्याजवळ आले, सँडविचची बशी हातात, आणि गालातल्या गालात हसून म्हणाले, “शांघायचा पुरुष. नवरा म्हणून उत्तम.” ते उत्तरेकडचे. तिकडे पुरुषाने जेवणावळीत पेल्यामागून पेले रिकामे करायचे आणि घरी मासा कोणी तळला हे विचारायचे नाही. शांघायचा पुरुष मासा स्वतः तळतो, बायकोची पर्स खांद्याला अडकवून बाजारात तिच्यामागून चालतो, आणि उरलेला चीन त्याची टिंगल करतो. हे तूच मला सांगितले होतेस, तेही अभिमानाने. “आमच्याकडे ज्याला मासा नीट तळता येत नाही त्याला मुलगी देत नाहीत.”

डॉक्टरांना तुमच्या नववर्षाच्या जेवणाची आठवण करून द्यायची मला इच्छा झाली होती. त्या वर्षी तू मला सोबत नेले होतेस. मेइलिंगचे गुडघ्याचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, तिला गाडीतून उतरवणे, जिना चढवणे हे सगळे तुझ्याकडे. तू पेला उपडा घातलास. डॉक्टर आणि त्यांचे दोघे मित्र पेले घेऊन तुझ्यासमोर उभे ठाकले. तुमच्याकडे असा मान नाकारणे म्हणजे समोरच्याचे तोंड उतरवणे. ते तिघे तुमच्या भाषेत काहीतरी बोलत होते आणि आजूबाजूची टेबले हसत होती. तू चहाचा कप घेऊन उठलास, तिघांच्याही पेल्याला तो लावलास, आणि चहा एका दमात प्यायलास. कढत होता, तुझ्या डोळ्यांत पाणी आले. मग खाली बसलास आणि मेइलिंगच्या ताटातल्या माशाचे काटे काढू लागलास. तिघा पिणाऱ्यांसमोर चहा घेऊन उभे राहायला किती छाती लागते, हे मला विचारा. मी त्या दिवशी तीन पेले घेतले. नको असताना घेतले.

पण डॉक्टरांना मी काय सुनावणार? तेच विशेषण मी तुला वीस वर्षे आधी लावले होते. आमच्याकडे अशा माणसाला बायकोच्या ताटाखालचे मांजर म्हणतात, हे मी तुला तोंडावर सांगितले, भाषांतर करून. तू विचार केलास. “मांजराला मासा मिळतो का?” मी म्हटले, मिळत असेल. “मग मांजराचं बरं चाललंय की.” मी हसलो, पण माझे मत बदलले नाही. मी ज्या घरात वाढलो तिथे वडिलांनी पाण्याचा पेला स्वतः उचलून घेतलेला मी पाहिला नव्हता. ब्रिस्टलला आल्यावर मी सगळे बदलले, हवामान, पोशाख, देवाला वाहायच्या फुलांचे प्रकारसुद्धा; हे एक तेवढे जसेच्या तसे ठेवले आणि त्याला संस्कृती म्हटले.

तिसरा डॅनियल. त्याचे म्हणणे वेगळे आहे आणि त्याच्याशी भांडताना माझा हात आखडतो. तो त्या दिवशी चहाच्या वेळी म्हणाला, “डॅडनी मला पोलाइट राहायला शिकवलं. चायनीज असणं काय, मॅन असणं काय, ते मी दुसरीकडून शिकलो.” तो अकरा वर्षांचा असताना शाळेतली दोन पोरे त्याला डोळे ताणून दाखवायची आणि त्याचे दप्तर चिखलात टाकायची. तू त्याला सांगितलेस, तिथून चालायला लाग. त्याने मला विचारले, तेव्हा मी त्याला मूठ कशी वळायची ते शिकवले. अंगठा बाहेर ठेव, नाकावर मार. त्याने मारले. शाळेने तुला बोलावले. तू माझ्याशी सहा आठवडे बोलला नाहीस. ॲलॉटमेंटवर आपले वाफे एकमेकांना लागून, तुझी चिनी पात आणि माझी मेथी यांच्यामध्ये एका फळीचे अंतर. सहा शनिवार तू पाठ करून खुरपत राहिलास.

सातव्या शनिवारी तू फळीवर येऊन बसलास. म्हणालास, एकदाच सांगतो, नंतर विचारू नकोस, कोणाला सांगूही नकोस. मी विचारले नाही आणि आजवर कोणाला सांगितलेही नाही. पण डॅनियलला हे माहीत नाही आणि तो दगड कोरून घेतो आहे, म्हणून मी वचन मोडतो आहे.

तुझे वडील गणिताचे शिक्षक. तू त्यांच्याच शाळेत. तुझ्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी तो काळ आला, जेव्हा शिष्यच गुरुजनांना पटांगणात उभे करत. तुझ्या वडिलांना एका बाकावर उभे केले, गळ्यात पाटी अडकवली, आणि चारशे मुले एका आवाजात ओरडत होती. त्या चारशेंत तू होतास. नसतास तर बाकावर तूही असतास. “मी ओरडलो नाही,” तू म्हणालास. “नुसतं तोंड हलवलं. आवाज काढला नाही. पण ते बाकावरून माझ्याकडे बघत होते. त्यांना कसं कळणार?”

मग पुष्कळ वेळ तू मातीतला एक खडा बोटांनी फिरवत राहिलास. वडिलांनी तुला त्याबद्दल कधीच विचारले नाही, आणि तू सांगितले नाहीस. ते वारले तेव्हा तू इथे होतास. “माणसं एकत्र ओरडायला लागली की ती काय होतात ते मी बघितलंय, लाओ दा. मुलाला मी काहीही शिकवीन, ते शिकवणार नाही. आणि मीही करणार नाही.”

डॅनियल, हे तुझ्यासाठी. याचे इंग्रजी मीच करून तुला पाठवणार आहे. तुझे वडील सौम्य स्वभावाचे म्हणून गप्प राहत नव्हते. मला दाराशी अर्धा तास ताटकळत ठेवणाऱ्या प्लंबरला ते माझ्यादेखत काही बोलले नाहीत, पण त्यांच्या मानेवरची शीर मी पाहिली आहे. त्यांना राग येत असे, भरपूर येत असे. पट्टीचा पोहणारा जसा श्वास धरतो, तसा ते तो धरून ठेवत. एवढे बळ माझ्यात नाही आणि तुला मूठ वळायला शिकवताना मला ते समजलेही नव्हते.

बघ, शेन, एवढ्यानेही रॉजरचे वाक्य खोडले जात नाही. तो म्हणेल, म्हणजे आवाज चढवला नाही हे खरेच ना? डॅनियलही तेच म्हणेल. मला ठाऊक आहे.

त्याआधी शनिवारचे एक सांगू दे. परवा दहा वाजता मी ॲलॉटमेंटवर गेलो, सवयीने. तुझी पात गुडघ्यापर्यंत वाढली आहे. मेइलिंगला डॅनियल ग्लासगोला घेऊन जातो आहे, तेव्हा तुझा वाफा कौन्सिलकडे परत जाईल आणि यादीतल्या कोणा तरुण जोडप्याला मिळेल. मी पात कापली, जुडी बांधली आणि मग ती घेऊन उभाच राहिलो. द्यायची कोणाला? घरी आणली. तिची भाजी मी बेसन पेरून करतो, तुला ते अघोरी वाटायचे. एकट्यासाठी केली, एकट्याने खाल्ली. फोन एकदा वाजला, पण तो डोळ्यांच्या दवाखान्याचा होता.

भाजी मला करता येते, ती तुझ्यामुळे. कुमुदच्या शेवटच्या चौदा महिन्यांत दर शनिवारी तू आमच्या स्वयंपाकघरात यायचास. कुमुद खुर्चीत, पायांवर शाल, आणि आपण दोघे गॅसपाशी. ती तुला भावोजी म्हणायची, तू तिला तुमच्या भाषेत वहिनी. तिला आमटी शिकवायची होती आणि मला ती शिकायची होती, पण आमच्या दोघांमध्ये तुझ्यासारखा एक दुभाष्या लागला, पन्नास वर्षांच्या संसारानंतर! तू तांदूळ धुवायचास, पाणी नितळ होईपर्यंत, पाच वेळा. मग बोट बुडवून पहिल्या पेरापर्यंत पाणी घालायचास. कुमुदने टाळी वाजवली होती. “अहो, बघा, आमच्या आईचंच माप! भावोजींना न शिकवता येतं, आणि तुम्ही अजून मोहरी तडतडायच्या आधी हिंग घालताय!”

“शी इज राइट,” तू म्हणायचास, मराठी न कळताही.

“तुला काय कळलं?”

“तिचा चेहरा कळला. तुझाही.”

त्या चौदा महिन्यांत ती माझ्या हातचे जेवली. कधी करपलेले, कधी गिचका झालेले, पण माझ्या हातचे. ती गेल्यावर मी उपाशी राहिलो नाही, हे त्यातले लहान देणे. मोठे देणे हे की तिला शेवटी एक नवरा मिळाला. याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. तुलाही ते आवडले नसते, म्हणत मी नऊ वर्षे काढली. ही माझी नेहमीची पळवाट.

आता ते उदाहरण, ज्याच्यापासून ते शनिवार सुरू झाले.

कुमुदच्या तिसऱ्या केमोनंतरचा गुरुवार. दुपारचा एक. ती मला स्वयंपाकघरात येऊ देत नसे, असे मी आजवर सगळ्यांना सांगत आलो आहे. तिने दोनदा “राहू द्या” म्हटले होते, हे खरे. मी तिसऱ्यांदा विचारले नव्हते, हेही खरे. ती एका हाताने ओट्याची कड धरून दुसऱ्या हाताने आमटी ढवळत होती. डोक्याला रुमाल बांधला होता. मी टेबलाशी बसलो होतो, पेपर वाचत. तू मागच्या दाराने आलास, हातात तिच्यासाठी केलेल्या सुपाचे भांडे. तिने मला वाढले. मी पहिला घास घेतला आणि वाटी पुढे सरकवली. म्हणालो, “आमटी अळणी झालीय.”

तुला मराठी येत नव्हती. पण वाटी सरकवणे कोणत्याही भाषेत कळते. तुझ्याकडे वळून, तुला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून, कुमुद इंग्रजीत म्हणाली, “सॉरी, मला हल्ली कशाची चवच लागत नाही.” औषधांनी तिची जीभ नेली होती. महिनाभर ती अंदाजाने स्वयंपाक करत होती आणि हे तिने मला सांगितले नव्हते, कारण मी विचारले नव्हते. मग ती मिठाची बरणी घेऊन, एकेका खुर्चीच्या पाठीला धरत, माझ्याकडे यायला निघाली.

तू भांडे ओट्यावर ठेवलेस.

जो आवाज आला तो तुझा आहे हे कळायला मला वेळ लागला. इंग्रजी नव्हते ते. शांघायची बोली होती, तिच्यातला एक शब्द मला येत नाही आणि त्या दिवशी एकाही शब्दाचा अर्थ विचारावा लागला नाही. तुझा चेहरा काळानिळा झाला होता. भिंतीपलीकडच्या बाईंनी येऊन दार ठोठावले आणि सगळे ठीक आहे ना, असे विचारले. तोवर मी खुर्चीतून उठलो होतो. मी कुमुदच्या हातातली बरणी घेतली आणि तिला माझ्या जागी बसवले. तू भिंतीकडे तोंड करून उभा होतास. मला वाटते, तू त्या पटांगणात होतास. तुझे बरोबर होते, हे मला त्याच क्षणी कळले होते. म्हणायला दहा वर्षे लागली.

रॉजर, डॉक्टर ल्यू आणि डॅनियल, तिघांनी आपापली वाक्ये मागे घ्यावीत. दगडावर काय कोरायचे ते मेइलिंग ठरवील, पण जे घडले त्याच्याविरुद्ध काही कोरू नये. त्या गुरुवारी, दुपारी एक वाजता, माझ्या बायकोसाठी, शेन माझ्यावर ओरडला.